अमेरिकेतली कॅथलिक विद्यापीठं : यादी करण्याआधी

बारावीनंतर अमेरिकेत पाठवायचं ठरलं की वसईतले बरेच पालक आमच्याकडे एकच मागणी घेऊन येतात : "कॅथलिक युनिव्हर्सिटी बघा, म्हणजे पोरं नीट राहतील." मागणी रास्त आहे, पण तेवढ्यावर यादी होत नाही. तिकडे अशी कॉलेजं आणि विद्यापीठं दोनशेच्या घरात आहेत आणि पाटी तीच असली तरी आतला कारभार निरनिराळा.

चालवतं कोण?

जॉर्जटाउन (1789, अमेरिकेतलं सर्वांत जुनं कॅथलिक विद्यापीठ), बॉस्टन कॉलेज, फोर्डम, मार्केट (Marquette), सांता क्लारा ही जेझुइट धर्मसंघाच्या फादरांची. मुंबईचं झेवियर्स 1869 मध्ये सुरू करणारा संघही हाच. नोटर डेम होली क्रॉस संघाचं, व्हिलानोव्हा ऑगस्टिनियनांचं (सध्याचे पोप लिओ तिथेच गणित शिकले), तर शिकागोचं डिपॉल व्हिन्सेंशियनांचं. वॉशिंग्टनचं कॅथलिक युनिव्हर्सिटी ऑफ अमेरिका मात्र 1887 मध्ये थेट बिशपांनी स्थापन केलं. आमच्या मते चर्चची छाप रोजच्या जगण्यात हवी असेल तर ते आणि नोटर डेम आधी बघावं. डिपॉल त्याच्या अगदी उलट : शहरी, मोठं, घरून ये-जा करणारी मुलंही भरपूर.

धर्माचे तास

हिंदू आणि मुस्लिम पालकांचा हा पहिला प्रश्न असतो, आणि खरं सांगायचं तर अलीकडे कॅथलिक पालकांचाही. मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) जाण्याची सक्ती यांपैकी कुठेही नाही. सक्ती असते ती विषयांची. बॉस्टन कॉलेजात ईशज्ञानाचे (थिऑलॉजीचे) दोन आणि तत्त्वज्ञानाचे दोन कोर्स प्रत्येकाला घ्यावे लागतात. व्हिलानोव्हात इंजिनीअरिंगच्या मुलालाही पहिल्या वर्षी दोन्ही सेमिस्टर संत ऑगस्टिनच्या नावाचा वाचन-लेखनाचा तास चुकत नाही. ज्याला निबंध लिहायचा कंटाळा आहे, त्याने हे आधीच लक्षात घ्यावं. गणितात शंभर मिळवणारी मुलं इथेच कुरकुरतात. जॉर्जटाउनमध्येही ईशज्ञान आहेच, पण तिथे 1999 पासून पूर्णवेळ इमाम आणि 2016 पासून हिंदू पुरोहितही नेमलेले आहेत.

हॉस्टेल

"नीट राहतील" याचं उत्तर खरं तर इथे मिळतं. नोटर डेममध्ये मुलांची आणि मुलींची हॉस्टेलं वेगळी, पहिली तीन वर्षं कॅम्पसवरच राहायचं, आणि रात्री ठरलेल्या वेळेनंतर मुलाने मुलीच्या हॉलमध्ये किंवा मुलीने मुलाच्या हॉलमध्ये थांबायचं नाही. वॉशिंग्टनच्या कॅथलिक युनिव्हर्सिटीनेही 2011 मध्ये स्वतंत्र हॉस्टेलांकडे परतण्याचं ठरवलं. बाकी बहुतेक ठिकाणी एकाच इमारतीत दोघंही राहतात. हे मुलांना आवडो न आवडो, निर्णय घरात बसून आधी करा. प्रवेश मिळाल्यावर वाद नको.

पैसा

जॉर्जटाउन, बॉस्टन कॉलेज, नोटर डेम : राहण्या-जेवण्यासकट वर्षाचा खर्च 80,000 डॉलरच्या पुढे. नोटर डेमने 2024 मध्ये जाहीर केलं की परदेशी विद्यार्थ्याची ऐपत बघून प्रवेश नाकारला जाणार नाही आणि मदतीत कर्ज धरलं जाणार नाही. ऐकायला गोड आहे, पण तिथे प्रवेशच अतिशय अवघड. मार्केट किंवा लॉयोला शिकागो गुणांवर स्कॉलरशिप देतात. मध्यमवर्गीय घराला बहुतेक वेळा हा रस्ता परवडतो. मात्र स्कॉलरशिपचा आकडा बघून हुरळू नका. ती फक्त शिकण्याच्या फीमधून वजा होते. खोली, मेस, विमा आणि तिकीट तुमच्याच खिशातून. चार वर्षांची बेरीज करा आणि मगच दोन विद्यापीठांची प्रवेशाची पत्रं शेजारी ठेवा.

पुढे नोकरीचाही विचार करा. सिलिकॉन व्हॅलीतलं सांता क्लारा आणि परराष्ट्र धोरणासाठी 1919 पासून स्वतंत्र शाळा चालवणारं जॉर्जटाउन यांची तुलना "कॅथलिक" या एका शब्दावर होऊ शकत नाही.

एक गैरसमज मात्र काढून टाका. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर प्रवेश मिळत नाही आणि फादरांच्या चिठ्ठीनेही काम होत नाही. मुलाला खरंच ओळखणाऱ्या शिक्षकाचं शिफारसपत्र लागतं. ते अकरावीच्या शेवटीच मागून ठेवा, बारावीत शिक्षकांना उसंत नसते.

आमच्याकडे येताना नववीपासूनच्या मार्कशीट आणि घरच्या वर्षाच्या उत्पन्नाचा खरा आकडा घेऊन या. आणि मुलाला सोबत आणा. हॉस्टेलचा प्रश्न आम्ही त्यालाच विचारतो.