पोच घेतली का? पोलीस ठाण्यातली तक्रार नेमकी कुठे अडते

कोकणात तालुक्याच्या ठिकाणी माझं झेरॉक्सचं आणि अर्ज लिहून देण्याचं दुकान आहे. वर्षातून दोनदा, गणपतीत आणि शिमग्याला, एकाच तऱ्हेची माणसं काउंटरसमोर येऊन उभी राहतात. मुंबईहून गावी आलेली, बंद घराचं दार उघडलं तर माळ्यावरचा तांब्याचा हंडा नाही, देवघरातली समई नाही. त्यातल्या निम्म्यांची तक्रार जुनीच असते. "सांगलंय मी पोलिसांक गेल्या खेपेक. त्यांनी लिवन घेतल्यानी." मी विचारतो, पोच आहे? मग गप्प.

सगळी गाडी इथेच अडते. "लिहून घेतलं" या शब्दाला पोलीस ठाण्यात काही अर्थ नाही. कोणत्या वहीत लिहून घेतलं याला आहे.

दखलपात्र गुन्हा असेल, म्हणजे ज्यात पोलीस स्वतःहून तपास करू शकतात असा, तर प्रथम खबर नोंदवली जाते, तिलाच आपण एफआयआर म्हणतो, आणि तिला गु.र.नं. म्हणजे गुन्हा रजिस्टर नंबर पडतो. अदखलपात्र असेल तर एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद होते. एनसीत न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश असल्याशिवाय पोलिसांना तपासच करता येत नाही, हे बहुतेकांना कोणी सांगतच नाही. लोक सहा महिने तपासाची वाट बघत बसतात. तिसरा प्रकार तक्रार अर्ज. तो आवक नोंदवहीत चढतो, त्याला फक्त आवक क्रमांक मिळतो. आणि चौथा प्रकार म्हणजे अंमलदारांनी कोऱ्या कागदावर नाव-नंबर टिपून "बघतो, तुम्ही जा" म्हणणं. हा चौथा प्रकार म्हणजे काहीच नाही. तुमच्या हातात आलेल्या कागदावर कोणता नंबर आहे ते ठाण्याच्या पायरीवरच बघा, एसटीत बसल्यावर नको.

भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १५४ ची जागा आता कलम १७३ ने घेतली आहे. एफआयआरची प्रत खबर देणाऱ्याला किंवा पीडिताला मोफत द्यायची, हे त्या कलमातच लिहिलेलं आहे. "झेरॉक्स मशीन बंद आहे" हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलंय की आता हसूही येत नाही. मशीन बंद असेल तर मूळ कागदाचा मोबाइलवर फोटो काढू द्या म्हणावं आणि प्रत कधी मिळेल ते विचारून ठेवावं. अर्ज देत असाल तर दोन प्रती न्याव्यात. एक त्यांना द्यायची, दुसरीवर गोल शिक्का, तारीख आणि सही घेऊन ती घरी आणायची.

तक्रार कोण देऊ शकतं? घरमालकच हवा असं नाही. घटना माहीत असलेला कोणीही: चुलता, शेजारी, घराची किल्ली सांभाळणारी बाई. पोलीस पाटलांना कळवणं चांगलं, महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम १९६७ प्रमाणे गुन्ह्याची खबर वर पोचवणं त्यांचं कामच आहे. पण पाटलांना सांगितलं म्हणजे तक्रार झाली असं नाही.

कागदपत्रांचं म्हणाल तर खबर द्यायला एकही कागद लागत नाही. ओळखीसाठी आधार जवळ असू द्यावं. लोक मात्र सातबारा, घरपट्टीची पावती, रेशनकार्ड, सगळं पिशवीत घालून येतात आणि नेमकं जे विचारलं जातं ते कोणाकडेच नसतं. ते म्हणजे वस्तूचं बिल. आता पणजीच्या समईचं बिल कुठून आणायचं?

बिल नसलं म्हणून तक्रार नाकारता येत नाही, हे आधी ध्यानात ठेवा. पण वस्तू तुमची होती आणि कशी होती, हे दाखवावं लागतं, नाहीतर उद्या भंगारवाल्याकडे सापडली तरी ओळख पटणार नाही. इथे एक गोष्ट कामाला येते आणि ती जवळजवळ प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असते: मागच्या वर्षीच्या गणपतीचा फोटो. एका काकींचं असंच झालं. बिल नाही म्हणून दोनदा परत पाठवलं होतं. त्यांच्या मुलाच्या मोबाइलमध्ये आरतीचा फोटो निघाला. वर माटवी, खाली गणपती आणि उजव्या हाताला तीच समई, वरच्या मोराची चोच मोडलेली. तो फोटो आम्ही मोठा करून छापला, चोचीवर पेनाने गोल केला आणि तक्रारीला जोडला. भांड्यांचंही तसंच. लग्नात आलेल्या भांड्यांवर नाव आणि तारीख घातलेली असते. घरात उरलेल्या जोडीच्या भांड्यावरचं नाव दाखवलं तरी पुरावा होतो. अंदाजे वजन लिहा, टवका कुठे उडालाय ते लिहा.

पाच हजारांचा खड्डा

हा मुद्दा नवा आहे आणि यात माणसं सर्रास पडतात. जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३(२) खाली साधी चोरी येते. चोरलेल्या मालाची किंमत ५,००० रुपयांपेक्षा कमी असेल तर ती आता अदखलपात्र धरली जाते. पूर्वी चोरी म्हटली की ती दखलपात्रच असायची. आपल्याकडे संकोची स्वभावाने, किंवा "कशाला वाढवायचं" म्हणून, माणूस सांगतो, "असेल हजार-दोन हजाराचं." अंमलदार तेच लिहितात, एनसी होते आणि तपास तिथेच संपतो.

तेव्हा किंमत आजच्या बाजारभावाने सांगा. तांब्या-पितळेचा किलोचा भाव विचारून जा. हापूसच्या पेट्या गेल्या असतील तर त्या दिवशीचा पेटीचा दर सांगा, आंब्याच्या झाडाला लागलेला खर्च नव्हे. फुगवून सांगू नका मात्र. खोटी माहिती देणं हाही गुन्हाच आहे.

आणखी एक फरक आहे, तो कोकणात फार उपयोगाचा. माणसं राहतात अशी किंवा माल ठेवण्यासाठी वापरतात अशी इमारत असेल तर तिच्यातली चोरी कलम ३०५ खाली येते. तिला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि ती दखलपात्र आहे, माल कितीचा का असेना. म्हणजे झाडावरचे आंबे तोडून नेले तर हिशेब वेगळा आणि मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपीत, रचून ठेवलेल्या पेट्या उचलल्या तर वेगळा. "बागेतून आंबे गेले" एवढंच सांगितलंत तर लिहिणाऱ्याला मांगर आहे हे कळणार कसं? मांगर होता, दाराला कडी होती, कडी तोडलेली होती, हे ओळीने सांगा. बंद घर हेही राहतं घरच आहे. वर्षातून पंधरा दिवस राहता म्हणून ते कमी होत नाही.

तारीख कोणती सांगायची

अकरा महिने घर बंद, चोरी कधी झाली देवाला ठाऊक. पण तारीख-वेळ विचारतातच, आणि माणूस गोंधळून कालची तारीख सांगून मोकळा होतो. मग शेजारी म्हणतो, कुलूप तर मे महिन्यातच तुटलेलं दिसत होतं, आणि तुमचीच तक्रार संशयास्पद ठरते. घर कोणत्या तारखेला कुलूप लावून सोडलं आणि कोणत्या तारखेला उघडलं, या दोन तारखा द्या. "या दरम्यान" असं लिहिता येतं. रेल्वेचं किंवा एसटीचं तिकीट मोबाइलमध्ये असेलच, त्यावरून तारीख आठवा.

मुंबईत बसून तक्रार

शेजाऱ्याचा फोन आला, घर फोडलंय. लगेच येता येत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोणत्या हद्दीत घडला हे न बघता कुठल्याही पोलीस ठाण्यात खबर देता येते. डोंबिवलीच्या ठाण्यात दिलेली खबर तिथे शून्य क्रमांकाने नोंदवून गावच्या ठाण्याकडे पाठवायची असते. "तिकडेच जा" असं सांगणारे अजून भेटतात. शांतपणे कलम दाखवा. आवाज चढवून फायदा झालेला मी तरी पाहिलेला नाही.

ईमेलने किंवा ऑनलाइनही खबर देता येते, पण मेख इथेच आहे. अशी खबर दिल्यापासून तीन दिवसांच्या आत देणाऱ्याने सही केली तरच ती नोंदीवर घेतली जाते. कायद्यात "कामाचे दिवस" असा शब्द नाही. लोक शुक्रवारी रात्री पाठवतात, शनिवार-रविवार सुट्टी धरतात आणि बुधवारी ठाण्यात पोचतात. तोवर खबर नुसती पडून असते. अर्थात हक्क बुडाला असं नाही, प्रत्यक्ष जाऊन पुन्हा तोंडी सांगता येतं. पण मधले दिवस गेले आणि पावसात दारासमोरचे पायाचे ठसेही गेले. गाडीचं तिकीट मिळाल्यावरच ऑनलाइनचं बटण दाबा, नाहीतर सरळ जवळच्या ठाण्यात जा.

सहीच्या आधी

तोंडी सांगितलेली खबर लिहून झाल्यावर ती तुम्हाला वाचून दाखवायची आणि मग सही घ्यायची, असा नियम आहे. तुम्ही मालवणीत सांगता, कागदावर उतरतं ते "कोणीतरी अज्ञात इसमाने लबाडीच्या इराद्याने" असं. ते चालतं, ती पोलिसी भाषा आहे. बघायचं असतं शेवटच्या दोन ओळींकडे. "माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही" असं वाक्य तिथे बसलंय का? तुम्ही म्हटलेलं असतं "कोणावर संशय नाही", आणि या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. चष्मा घरी राहिला असेल तर सोबतच्या कोणाला तरी वाचायला लावा. खोळंबलेत म्हणून कुरकुरतील, कुरकुरू दे.

पत्ता हा दुसरा घात. लोक गावच्या घराचा पत्ता देतात. घर बंद. ठाण्याचं पत्र येतं आणि पोस्टमन "घर बंद" असा शेरा मारून परत पाठवतो. पुढे साहेब म्हणतात, आम्ही कळवलं होतं, तक्रारदारच मिळाले नाहीत. राहता पत्ता आणि चालू मोबाइल नंबर लिहा, नंबर बदलला तर गु.र.नं. टाकून ठाण्याला लेखी कळवा.

नव्वद दिवस म्हणजे काय

त्याच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ प्रमाणे तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत खबर देणाऱ्याला किंवा पीडिताला कळवायची आहे, मोबाइलवर कळवली तरी चालते. याचा अर्थ ९० दिवसांत चोर सापडेल असा नाही. "काही सापडलं नाही, तपास चालू आहे" हेही उत्तरच, पण ते यायला हवं. मी सगळ्यांना सांगतो, एफआयआर झाला त्या दिवशीच कॅलेंडरवर ९० वा दिवस लिहून ठेवा आणि तोवर काही आलं नाही तर कलमाचा उल्लेख करून तीन ओळींचं पत्र द्या. भांडणाची भाषा नको. पत्राने फाइल निदान कपाटातून बाहेर येते.

जबाबाला बोलावणं आलं तर तेही वाचून घ्या. गावात मागे राहिलेली माणसं सत्तरीची, आणि त्यांना तीन वाड्या ओलांडून ठाण्यात बोलावतात. ६० वर्षांवरचे पुरुष, कोणत्याही वयाच्या स्त्रिया, अपंग आणि गंभीर आजारी, अशा साक्षीदारांना राहत्या जागेखेरीज दुसरीकडे हजर व्हायला सांगता येत नाही. पोलिसांनी तिकडे जायचं. त्याच संहितेचं कलम १७९.

घेतलीच नाही तर

दखलपात्र गुन्हा असेल तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी प्रकरणात २०१३ मध्येच सांगितलंय. नव्या कायद्यात तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांत उपअधीक्षकांच्या परवानगीने १४ दिवस प्राथमिक चौकशी करण्याची मुभा आहे. त्यामुळे "चौकशी चालू आहे" म्हटलं तर कधीपासून, हे विचारा.

त्यानंतर पोलीस अधीक्षक. सिंधुदुर्गाचे ओरोसला, रायगडचे अलिबागला, रत्नागिरीचे रत्नागिरीतच. तक्रारीचा मजकूर लेखी आणि पोस्टाने पाठवायचा. लोक नेमकं उलटं करतात, एसटी पकडून स्वतः जातात, साहेब दौऱ्यावर, हात हलवत परत. पोस्टाची पावती जपून ठेवा. तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे प्रतिज्ञापत्रासह अर्ज करता येतो, आणि तिथे आधी अधीक्षकांना कळवल्याचा पुरावा मागतात. म्हणजे पुन्हा पावती.

माहितीचा अधिकार शेवटी. १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, एक विषय, १५० शब्दांच्या आत. "कारवाई का केली नाही?" असं विचारलंत की अर्ज फेटाळला जातो, कारण "का" ही माहिती नव्हे. "अमुक तारखेच्या माझ्या अर्जाची आवक नोंद आणि त्यावरील शेऱ्यांच्या प्रती द्याव्यात" असं मागा. ३० दिवसांत उत्तर यायला हवं.

त्या काकी परवा पुन्हा आल्या होत्या. समई अजून मिळालेली नाही. ठाण्यातल्या मुलाला म्हणाल्या, "बाबा रे, शिक्को मारल्याशिवाय मी उठूचंय नाय," आणि बाकावर बसून राहिल्या पावणेदोन तास. शिक्का मिळाला. तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, वर रबर लावून त्यांनी माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाल्या, दोन झेरॉक्स काढ, एक मुंबईला पाठवायची आहे.