मधला एकच गट

मुरबाड तालुक्यात डोंगरउतारावर आमची चार एकर वडिलोपार्जित जागा आहे. भात तिथे पिकत नाही. साग, ऐन, पळस आणि त्यांच्याखाली कमरेएवढं गवत. मी ठाण्यात राहते, काका गावाकडे. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत काकांनी मजूर लावून तीन बाजूंनी जाळपट्टा काढला: चार-पाच पावलं रुंदीचं गवत कापलं, पालापाचोळा झाडून माती उघडी केली. चौथ्या बाजूला कोरडा ओढा, म्हणून ती सोडली. मार्चअखेर वणवा आला तो त्याच ओढ्यातून. ओढ्यापलीकडचा गट सात वारसांच्या नावावर, कुणी कल्याणला, कुणी सुरतला. तिथलं गवत दोन-तीन वर्षं कुणी कापलंच नव्हतं. ओढ्याच्या पात्रात सागाची पानं गुडघाभर साचली होती. आग त्यांतून वातीसारखी चढली आणि एका दुपारीत आमचं रान काळं पडलं. मोठे ऐन वाचले. त्यांची साल जाड, सुसरीच्या पाठीसारखी भेगाळलेली असते. काकांनी जपलेली हातभर उंचीची रोपं मात्र एकही उरली नाही.

आपल्याकडचा वणवा बहुतेक वेळा शेंड्याशेंड्यांवरून धावत नाही, जमिनीलगत सरपटतो. त्याचं खाद्य म्हणजे वाळलेलं गवत आणि पानं. हे खाद्य हवेतला ओलावा पटकन घेतं आणि तितक्याच पटकन सोडतं, साधारण तासाभरात. मार्चमध्ये सकाळी सातला सागाचं गळलेलं पान उचलून वाकवलंत तर ते दुमडतं. दुपारी दोनला तेच पान मुठीत चुरा होतं. त्यात दुपारी समुद्राकडून खारे वारे सुटतात, डोंगर तापल्यामुळे हवाही उताराने वर चढू लागते. चढावर ज्वाला वरच्या गवतावर कलतात आणि ते पेटण्याआधीच तापवून वाळवून ठेवतात. दर दहा अंश चढाला आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, असा वणवा हाताळणाऱ्यांचा ढोबळ हिशेब आहे. ओढ्याची घळ तर धुराड्यासारखीच वागते.

आता आलेखाचा कागद घ्या, दहा बाय दहा चौकटींचा. प्रत्येक चौकट म्हणजे एक गट. डोळे मिटून काही चौकटींवर फुली मारा, म्हणजे ते गट साफ. उरलेल्यांत वाळलं गवत. आग फक्त शेजारच्या चौकटीत, आडवी किंवा उभी जाते असं धरा. खालच्या ओळीतली आग वरपर्यंत पोचेल का? भौतिकशास्त्रज्ञांनी हा खेळ प्रचंड मोठ्या जाळ्यांवर खेळून पाहिला आहे. गवताच्या चौकटी सुमारे 59 टक्क्यांहून जास्त असल्या तर आग जवळपास हमखास पार जाते. त्याहून कमी असल्या तर कुठेतरी अडकून विझते. खऱ्या डोंगरावर वारा ठिणग्या उडवतो, त्यामुळे आकडा तोच राहत नाही, पण कल तोच राहतो. जो तो आपापल्या मनाने साफसफाई करणार असेल, तर 100 पैकी 40हून जास्त गट साफ व्हावे लागतील. तेच सगळ्यांनी ठरवून एका ओळीत केलं तर 10 पुरतात. आणि त्या दहांतला मधला एक सुटला, की बाकी नऊ जणांची मजुरी वाया. आमच्या ओढ्यावर हेच झालं होतं. मला हा हिशेब कळला त्या रात्री मी काकांना फोन केला.

पोर्तुगालला हा धडा फार महाग पडला. तिथलं बहुतेक जंगल खाजगी मालकीचं, उत्तरेत आणि मध्य भागात बारीकबारीक तुकड्यांचं, आणि कित्येक मालक शहरात किंवा परदेशात. 2003 मध्ये तिथे चार लाख हेक्टरांवर जमीन जळाली. 2005 मध्ये कायदा आला: शेजारशेजारच्या मालकांनी एकत्र येऊन सगळ्या तुकड्यांसाठी एकच आराखडा करायचा, मालकी ज्याची त्याची. तरी सगळा देश त्यात आला नव्हता. जून 2017 मध्ये पेद्रोगाव ग्रांदच्या वणव्यात 66 माणसं गेली, त्यातली कितीतरी गाडीतून पळताना, रस्त्यातच.

आपल्याकडे उपग्रह वणवे टिपतात आणि देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाकडून मोबाइलवर इशारे येतात. पण त्यातल्या चांगल्यातल्या चांगल्या नजरेची एक चौकट 375 मीटर बाजूची, म्हणजे जवळपास 35 एकरांची. आमच्यासारखे आठ गट त्यात मावतात. आग लागल्याचं कळतं. ती कुठल्या बांधावर अडवायची, ते गावातल्या माणसालाच माहीत असतं.

वणवा लावला की गवत चांगलं येतं, असं गावात म्हणतात. ते उगाच म्हणत नाहीत: राखेतले क्षार मिळतात, ऊन जमिनीपर्यंत पोचतं, हिरवे कोंब लवकर दिसतात. पण पानांतलं नत्र जळून हवेत जातं आणि उघड्या पडलेल्या उतारावरची माती मृगाच्या पहिल्या सरींबरोबर ओढ्यात उतरते.

या वर्षी दिवाळीनंतर मारुतीच्या देवळात अकरा मालक बसले. वरच्या बाजूला वनखात्याची हद्द आहे, म्हणून वनरक्षकही आले; राखीव वनात आग लावणं 1927च्या वन कायद्याने गुन्हा आहे हे त्यांनी पुन्हा सांगितलं. प्रत्येकाच्या कुंपणाऐवजी डोंगराच्या धारेवरून आणि पायवाटेवरून एकच पट्टा ठरला, कारण धार ओलांडून उतरणीला लागलेली आग मंदावते. राब, म्हणजे भाताच्या रोपांसाठी वाफ्यावर पसरलेला पालापाचोळा, भाजायचा तो पहाटे, दव असताना, शेजाऱ्याला कळवून आणि विझेपर्यंत तिथेच थांबून. ओढा सगळ्यांत आधी झाडला. सागाच्या पानांच्या बावीस पाट्या निघाल्या, त्या काकांनी खताच्या खड्ड्यात टाकल्या.

सात वारसांपैकी पाच जणांनी फोनवर होकार दिला. दोघांचा पत्ता लागला नाही. फेब्रुवारी उजाडला होता, म्हणून पट्टा त्यांच्या गटातून न नेता ओढ्याच्या आमच्या काठाने वळवला. दीडशे पावलं जास्त झाली.