खापरातला आंबटपणा

'जॉर्जियन लोक 8000 वर्षांपासून वाइन करताहेत' हे वाक्य तिकडच्या प्रवासाच्या प्रत्येक रीलमध्ये असतंच. वाइनचं ठीक. पण ते लोक 'जॉर्जियन' होते, हे कुणी ठरवलं?

पुरावा आहे खापरांचा. जॉर्जियाची राजधानी तिबिलिसीच्या दक्षिणेला सुमारे 50 किलोमीटरवर गदाच्रिली गोरा आणि शुलावेरिस गोरा अशी दोन पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीची टेकाडं आहेत, इ.स.पू. 6000 च्या सुमाराची. तिथल्या रांजणांच्या खापरांची तपासणी प्राचीन पेयांचे संशोधक पॅट्रिक मॅकगव्हर्न आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केली.

अल्कोहोल कधीच उडून गेलेलं. मागे राहतं टार्टारिक आम्ल, चिंचेला आंबट करणारं तेच. रस मातीच्या छिद्रांत मुरतो, तिथल्या कॅल्शियमशी आम्लाचा क्षार बनतो, आणि हा क्षार पाण्यात जेमतेम विरघळतो. म्हणून हजारो पावसाळे काढतो. खापराची पूड करून अर्क काढायचा आणि मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये, म्हणजे रेणूंचा भार मोजणाऱ्या यंत्रात सोडायचा. टार्टारिक आम्लाचा रेणूभार 150, एक प्रोटॉन गेला की 149. हा आयन (विद्युतभारित रेणू) वायूवर आपटून फोडला की कार्बन डायऑक्साइड (44) आणि पाणी (18) सुटतं, उरतो 87 चा तुकडा. 149 भाराचे रेणू ढिगाने सापडतील. पण 149 चा 87 होणारा, शिवाय शुद्ध आम्लाइतक्याच वेळात यंत्राच्या नळीतून बाहेर पडणारा, म्हणजे आपलाच गडी. तो मातीतून खापरात शिरला नाही ना, हे बघायला भोवतालची मातीही तपासली. तिच्यात प्रमाण कमी भरलं.

आपल्याकडच्या जुन्या मडक्यावर हीच चाचणी केली तर बहुधा आमटी सापडेल! कॉकेशसमध्ये, म्हणजे जॉर्जियाच्या मुलखात, चिंच नाही, त्यामुळे संशय थेट द्राक्षावर. आणि उबेत ठेवलेला द्राक्षरस काही दिवसांत आपोआप आंबतोच.

पण रांजणाला मातृभाषा नसते. जॉर्जियन भाषा इंडो-युरोपीय नव्हे. मिंग्रेली, लाझ, स्वान या बहिणींसह तिचं वेगळंच कार्टवेली कुळ. तिचे सर्वांत जुने कोरीव लेख इ.स. पाचव्या शतकातले. मधे सहा हजारांहून जास्त वर्षं. मध्ययुगीन बखरकारांनी ही दरी एका फटक्यात बुजवली: नोआचा वंशज कार्टलोस, तोच मूळपुरुष. वंशावळीत पुराणपुरुष बसवला की खोदकाम वाचतं, ही सोय आपल्यालाही चांगली ठाऊक आहे.

आणि त्या टेकाडांवर सापडलेली कच्च्या विटांची गोल घरं? त्याच संस्कृतीची गावं आजच्या आर्मेनियात आणि अझरबैजानातही निघाली आहेत.