हेडसेटमधला भूमिकाखेळ

भूमिकाखेळात प्रत्येक खेळाडू एक पात्र घेतो आणि त्याच्या तोंडून बोलतो. सूत्रधार प्रसंग सांगत पुढे नेतो, आणि जमलं की फसलं हे फासे ठरवतात. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचं ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ छापून आलं, तेव्हापासून या खेळाचं भांडवल कागद, पेन्सिल, फासे आणि बोलणं एवढंच. हेडसेट, म्हणजे आभासी जग दाखवणारा डोक्यावर चढवायचा पडदा, त्याहूनही जुना: संगणकशास्त्रज्ञ आयव्हन सदरलंड यांनी १९६८ मध्ये दाखवलेलं यंत्र छताला टांगलेलं असे. घरी वापरायचे हेडसेट २०१६ मध्ये बाजारात स्थिरावले आणि २०१८-१९ पासून संगणकाच्या वायरीशिवाय चालू लागले. या दोन गोष्टी एकत्र आल्या की सगळ्यात आधी बदलतं ते सूत्रधाराचं काम.

टेबलावर सूत्रधार म्हणतो, “समोर दार आहे, आतून कडी लागलेली.” झालं, दार तयार. हेडसेटमध्ये तेच दार कुणीतरी आधी घडवलेलं असावं लागतं: लाकूड, बिजागरी, कडीचा आवाज, आणि कुणी खांद्याने धक्का दिला तर काय होईल तेही. खेळाडू म्हणाला, “मी कौलं काढून वरून उतरतो,” तर टेबलावर एक फासा टाकून काम भागतं. हेडसेटमध्ये कौलं म्हणजे बहुधा नुसतं चित्र. म्हणून जाणते लोक जागा थोडी बांधतात आणि तोंड मोकळं ठेवतात. एक खोली, एक अंगण, दोन-तीन हलवता येतील अशा वस्तू. बाकी सगळं सूत्रधाराच्या आवाजावर. पूर्ण शहर उभारायला निघालेले प्रयोग तिसऱ्या गल्लीत थकतात.

मोबदल्यात खेळाला शरीर मिळतं. “मी लपतो” म्हणायची गरज नाही, खरंच खाली वाकायचं. पण इथेच एक अन्याय शिरतो. कागदावर गुडघेदुखीचा माणूसही चपळ चोर होऊ शकतो. हेडसेटमध्ये त्याचा चोर त्याच्याच गुडघ्यांवर चालतो. वाकण्यासाठी हातातल्या कंट्रोलरवर एक बटण ठेवावं आणि बसून खेळायची सोय पहिल्यापासून असावी. कसब पात्राचं मोजायचं, खेळाडूचं नाही, हा जुना नियम इथे मुद्दाम सांभाळावा लागतो.

दुसरी अडचण लक्षाची. राजा दरबारात येतो त्या क्षणी खेळाडू छताची नक्षी बघत असतो. खडी गंमत या विदर्भातल्या लोकनाट्याला ही अडचण नवी नाही. लोक भोवताली बसलेले, त्यामुळे नट वळत राहतो आणि ढोलकीची थाप नजर ओढून आणते. हेडसेटमध्येही तेच करायचं: मागून पावलांचा आवाज द्यायचा, मान वळेपर्यंत थांबायचं, आणि नजर पडल्यावरच संवाद सुरू करायचा. ठरलेल्या सेकंदाला सुरू होणारा प्रसंग निम्मे लोक चुकवतात.

मळमळ हा सर्वांत मोठा शत्रू. डोळे सांगतात आपण चालतोय, कानातला तोल सांगतो आपण उभे आहोत. पोट दोघांच्या भांडणात सापडतं. त्यामुळे पात्राला सरकवत नेऊ नये, एका जागेवरून दुसऱ्या जागी उडी द्यावी. वळण ३० किंवा ४५ अंशांच्या टप्प्यांत द्यावं. सेकंदाला ७२ चित्रं हवीत, म्हणजे एका चित्राला १४ मिलिसेकंदही मिळत नाहीत. मशाली, धूर आणि गर्दी एकाच प्रसंगात कोंबली की हा हिशेब कोलमडतो. भिंगांमधलं अंतर प्रत्येकाच्या डोळ्यांप्रमाणे लावावं, प्रौढांत ते सरासरी ६३ मिलिमीटर असतं. मळमळ सुरू झाली की हेडसेट काढायचा. “होईल सवय” म्हणून रेटलं तर उरलेली संध्याकाळ वाया जाते.

नागपूरच्या घरात याची मांडणी करताना किमान २ मीटर बाय २ मीटर मोकळी फरशी लागते: टीपॉय बाहेर, सोफा भिंतीला. वर फॅन विसरू नये. दहा फुटी स्लॅबच्या फॅनची पाती साधारण साडेआठ फुटांवर फिरतात आणि साडेपाच फुटांच्या माणसाने तलवार उगारली की हात सात फुटांवर जातो. उडी मारली नाही तर निभावतं. माळ्यावर किंवा टिनाच्या खोलीत निभावत नाही. हेडसेटचे कॅमेरे भिंती-फरशी पाहून जागा ओळखतात, त्यामुळे मोठा आरसा झाकावा, कोऱ्या पांढऱ्या भिंतीवर कॅलेंडर का होईना टांगावं, आणि दिवे मालवून ‘वातावरणनिर्मिती’ करू नये.

मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की यंत्र तापतं, स्वतःचा वेग कमी करतं आणि चित्र अडखळतं. कूलरच्या दमट हवेत भिंगांवर वाफ धरते. खेळाच्या आधी पाच मिनिटं हेडसेट नुसता घालून बसलं तर भिंगं कोमट होतात आणि वाफ कमी होते. दुपट्ट्याच्या टोकाने पुसलं की ओरखडा पडतो, तो मग प्रत्येक प्रसंगात हजर असतो. आणि गच्चीवर कुरड्यांशेजारी हेडसेट उताणा ठेवला तर भिंग उन्हाचा झोत आतल्या पडद्यावर धरतं. पडद्याला कायमचा डाग पडतो, त्यावर इलाज नाही. लाइट गेली तर हेडसेट बॅटरीवर दोनेक तास चालतो, पण राउटर मरतो आणि सगळे खेळाडू एकमेकांना दिसेनासे होतात. राउटरपुरता छोटा यूपीएस पुरतो.

सीताबर्डीची लढाई हा इथला सोपा विषय वाटतो. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७, अप्पासाहेब भोसल्यांचं सैन्य आणि ईस्ट इंडिया कंपनीची फौज, एक मोठी टेकडी आणि एक लहान. अडचण जागेची: तिथला किल्ला लष्कराच्या ताब्यात असल्याने कॅमेऱ्याने मोजमाप घेणं परवानगीशिवाय शक्य नाही, आणि उपग्रहाच्या फुकट मिळणाऱ्या उंचीच्या माहितीत ३० मीटरचा एक चौकोन असतो, त्यात लहान टेकडी नुसता फुगवटा होते. त्यापेक्षा आख्खी सीताबर्डी कॅरम बोर्डाएवढी करून फरशीवर ठेवावी. २०२१ च्या ‘डिमिओ’ या खेळाने टेबलावरचा पट हेडसेटमध्ये असाच ठेवला. चार खेळाडूंना दोनच हेडसेट द्यावेत: आतल्या दोघांना लहान टेकडीवरचा धूर आणि समोरची भिंत दिसते, बाहेरच्या दोघांकडे कागदी नकाशा. दोघांचं जुळतं ते बोलूनच. ‘कीप टॉकिंग अँड नोबडी एक्सप्लोड्स’ या खेळाने २०१५ मध्ये हीच विभागणी बॉम्ब निकामी करण्यासाठी वापरली होती. वीस मिनिटांनी जोड्या बदलाव्यात; दीड तासात चार फेऱ्या होतात.

खेळातल्या पहारेकऱ्याला यंत्राची बुद्धी देऊन त्याच्याशी मोकळं बोलता येतं, हा सध्याचा मोठा मोह. “काहून अडवून राहिला बे, जाऊ दे ना” हे नागपुरी वाक्य आवाज ओळखणारी यंत्रणा बरेचदा भलतंच लिहून घेते. उत्तराला एक-दोन सेकंद लागले तरी भांडणाची रंगत जाते. शिवाय असा पहारेकरी फार लवकर पटतो, चार गोड वाक्यांत किल्ल्या काढून देतो. बोलणं यंत्राकडे ठेवावं, किल्ली मात्र फाशाकडे. त्याला काय माहीत आहे आणि तो काय देऊ शकतो, याची पाच-सहा ओळींची यादी सूत्रधाराने लिहून ठेवली की तो ताळ्यावर राहतो.

मोबाइलवरचा खेळ रस्त्यावर नेला तर नागपुरातल्या इतवारीसारख्या ठिकाणी वेगळंच फसतं. मोकळ्या आकाशाखाली फोनचं जीपीएस सुमारे ५ मीटरपर्यंत बरोबर असतं. अरुंद गल्लीत इमारतींवरून उसळलेल्या लहरींमुळे ते पलीकडच्या गल्लीत नेऊन उभं करतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत या पुतळ्यांची मिरवणूक निघते, “इडा पिडा घेऊन जा गे मारबत” चा गजर होतो, तेव्हा गर्दीत नेटवर्कही बसतं. त्या दिवसाचा खेळ करायचा तर चित्रं आणि आवाज आधीच फोनमध्ये उतरवून घ्यावेत, आणि खुणा जीपीएसवर न टाकता छापील क्यूआर कोडच्या द्याव्यात. त्या पानठेल्याच्या शटरवर लावू नयेत. ठेला उघडला की शटर वर जातं, आणि खूणही.