बेपत्ता जवानाची ओळख भाचीच्या लाळेतून

७ फेब्रुवारी १९६८ रोजी हवाई दलाचं एएन-१२ विमान चंदीगडहून लेहला निघालं. लेहची हवा बिघडली म्हणून ते माघारी वळलं आणि रोहतांग खिंडीच्या परिसरात नाहीसं झालं. आत १०२ जण होते. २००३ मध्ये हिमनदीवर पहिल्यांदा अवशेष दिसले, मग वर्षावर्षांच्या अंतराने एकेक देह मिळत गेला. सप्टेंबर २०२४ मध्ये आणखी चार मिळाले. त्यांतल्या तिघांची ओळख सोबतच्या कागदपत्रांवरून पटली. कागद शाबूत नसेल, हाती फक्त एक हाड असेल, तर मात्र जवानाच्या घरच्यांकडेच जावं लागतं.

समजा, असा जवान अमळनेर तालुक्यातला आहे. आईवडील कधीच वारले. पत्नी हयात आहे, पण तिचा डीएनए नवऱ्याशी जुळणार नाही. मुलं असती तर त्यांचा उपयोग झाला असता. अशा वेळी गाव हमखास पुतण्याला पुढे करील, कारण तो त्याच घराण्याचा, त्याच आडनावाचा. प्रयोगशाळा मात्र आधी विचारील, जवानाला बहीण होती का? ती कुठे दिली? तिला लेकी किती?

पेशीच्या केंद्रकातला डीएनए सुमारे ३०० कोटी रासायनिक अक्षरांच्या जोड्यांचा असतो, पण पेशीत त्याच्या प्रती दोनच, एक आईकडची आणि एक वडिलांकडची. ऊन, ओल आणि जिवाणू त्याचे तुकडे करतात. बर्फात तो टिकतो, गरम ओलसर मातीत लवकर संपतो. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांत, म्हणजे मायटोकॉन्ड्रियात, स्वतःचा छोटासा डीएनए असतो. तो जेमतेम १६,५६९ जोड्यांचा असला तरी एका पेशीत त्याच्या शेकडो ते हजारो प्रती असतात. म्हणून जुन्या हाडातही त्यातलं काहीतरी वाचायला मिळतं. आणि तो फक्त आईकडून येतो. आईने तो मुलाला दिला, मुलीलाही दिला. पुढे मात्र मुलगीच देऊ शकते.

भाचीचा केंद्रकातला डीएनए मामाशी सरासरी एक चतुर्थांश जुळतो, तिच्या मुलीचा एक अष्टमांश. पिढीगणिक तो निम्मा होत जातो. तंतुकणिकांचा डीएनए सहसा जसाच्या तसा राहतो. बहीण शिंदखेड्याला दिली, तिची लेक सुरतेला उधन्यात राहते, त्या लेकीची मुलगी, म्हणजे बहिणीची नात, आज कॉलेजात आहे. त्या नातीने मामआजोबांना कधी पाहिलेलं नाही, तरी तिच्या गालाच्या आतून फिरवलेल्या कापसाच्या बोळ्यावर त्यांची खूण असते.

पुतण्या अगदीच निरुपयोगी नाही. पुरुषाच्या वाय गुणसूत्राची ओळ बापाकडून मुलाकडे जाते, ती त्याच्याकडे आहे. पण पेशीत त्याची एकच प्रत असते, जुन्या हाडात ती अनेकदा सापडत नाही. शिवाय सगळ्या भाऊबंदांत ती जवळपास सारखीच असते.

१९७२ मध्ये व्हिएतनाममध्ये पडलेल्या मायकल ब्लासी या अमेरिकी वैमानिकाचे अवशेष १९८४ मध्ये आर्लिंग्टनच्या अज्ञात सैनिकाच्या कबरीत ठेवले गेले. १९९८ मध्ये ते बाहेर काढले, हाडातला तंतुकणिकांचा डीएनए आई आणि बहिणीच्या रक्ताशी ताडून पाहिला आणि नाव मिळालं. पुढे यूएसएस ओक्लाहोमा या बुडालेल्या युद्धनौकेवरच्या ३८८ अनोळखी मृतांचे अवशेष २०१५ पासून उकरून तपासले गेले. एकेका पेटीत अनेकांची हाडं मिसळलेली होती, तरी बहुतेकांची नावं लागली. नातेवाइकांचे नमुने आधीपासून जमवून ठेवले नसते तर हे घडलं नसतं.

एकटी तंतुकणिका पुरावा होत नाही, हे मात्र लक्षात ठेवायला हवं. आईकडून दूरचं नातं असलेल्या, परस्परांना न ओळखणाऱ्या कित्येकांत ती सारखी असते. ती जुळली नाही तर नातं बहुधा बाद होतं. जुळली तर उंची, दात, वय, हाड सापडलेली जागा आणि जमल्यास केंद्रकातला डीएनए, असं सगळं मिळून निर्णय होतो. नातेवाईकच हाती नसले की किती अडतं, ते पंजाबातल्या अजनाळ्याच्या विहिरीत दिसलं. १८५७ च्या सैनिकांचे सांगाडे २०१४ मध्ये तिथून निघाले. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि रेणू जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांसह केलेल्या अभ्यासात ही माणसं गंगेच्या खोऱ्यातली असल्याचं कळलं. त्यातला कोण कुणाच्या घरचा, हे कळलं नाही.

बेपत्तांची स्वतंत्र सूची मांडणारं डीएनए विधेयक आपल्याकडे २०२३ मध्ये मागे घेतलं गेलं. मला ते फार खटकतं, कारण नमुने देऊ शकणारी म्हातारी माणसं थांबत नाहीत. खानदेशात आणखी एक अडचण आहे. भाटाच्या वहीत आणि घरातल्या वंशावळीत मुलगे असतात. लेक सासरी गेली की तिची ओळ तिथेच तुटते. नेमकी तीच ओळ इथे लागते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घागर पुजून पितरांना घास दिला जातो, माहेरवाशिणी झोक्यावर असतात, आत्या, भाच्या, त्यांच्या लेकी एकाच अंगणात येतात. ज्या घरचा जवान परतला नाही, त्या घराने त्या दिवशी त्याच्या बहिणींची, भाच्यांची आणि भाच्यांच्या लेकींची नावं, गावं लिहून काढावीत. भाची नसेल तर भाचाही चालतो, फक्त त्याच्या मुलांकडे ही ओळ जात नाही. बहीणच नसेल, तर जवानाच्या मावशीच्या लेकी शोधाव्या लागतात.