पन्हळी काच : कारखान्याच्या भिंतीतून संग्रहालयात

अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत नेल्सन-ॲटकिन्स कलासंग्रहालयाच्या विस्ताराचं काम चालू होतं, तेव्हा शहरात बरीच कुरकुर होती. १९३३ साली बांधलेल्या, खांबांच्या रांगांनी नटलेल्या चुनखडी दगडाच्या भारदस्त इमारतीशेजारी हिरवळीतून पांढुरके, बिनखिडक्यांचे खोके वर येत होते. ही काय गोदामं बांधताय, असा लोकांचा सूर होता. २००७ च्या जूनमध्ये इमारत खुली झाली, संध्याकाळी आतले दिवे लागले, आणि त्या खोक्यांचे कंदील झाले. त्याच वर्षी ‘टाइम’ साप्ताहिकानं वर्षातल्या दहा उत्तम वास्तूंच्या यादीत तिला पहिलं स्थान दिलं.

पण ज्यांना गोदाम आठवलं त्यांचं काही चुकलं नव्हतं. त्या भिंती ज्या काचेच्या आहेत ती काच मुळात कारखाने आणि गोदामांसाठीच तयार झाली होती.

इंग्रजीत तिला चॅनेल ग्लास म्हणतात. आपल्याकडे फॅब्रिकेशनवाले लोखंडी चॅनेल म्हणतात तोच हा आकार, फक्त काचेचा. मला ‘पन्हळी काच’ हा शब्द जवळचा वाटतो. पागोळ्यांचं पाणी वाहून नेणारी पन्हळ डोळ्यांसमोर आणा आणि तिचा तळ सपाट करा, की आकार लक्षात येतो. पट्टीची रुंदी साधारण २३ ते ५० सेंटिमीटर, जाडी ६ किंवा ७ मिलिमीटर, दोन्ही कडा ४ किंवा ६ सेंटिमीटर काटकोनात वळलेल्या. लांबी मात्र ७ मीटरपर्यंत जाऊ शकते.

सगळं इंगित त्या वळलेल्या कडांत आहे. कागदाची पट्टी दोन टोकांवर ठेवली तर मध्ये वाकते. तिच्या लांब कडा दुमडल्या की ताठ राहते. काचेचंही तसंच. म्हणून या पट्ट्या एकीला एक लावून उभ्या करता येतात आणि मध्ये उभे लोखंडी गज लागत नाहीत. खाली एक चौकट, वर एक चौकट, सांध्यांत सिलिकॉन, झाली भिंत.

करण्याची रीतही सरळ आहे. वितळलेल्या काचेचा पट्टा भट्टीतून अखंड बाहेर येतो, रुळांमधून दाबला जातो, आणि मऊ आहे तोवरच त्याच्या कडा वर वळवतात. मग बोगद्यासारख्या लांब भट्टीतून सावकाश थंड करत नेतात आणि हव्या त्या लांबीला कापतात. रुळांवर नक्षी असेल तर ती काचेवर उमटते. अशी रुळांतून आलेली काच खिडकीच्या काचेसारखी नितळ नसते. उजेड आत सोडते, पलीकडचं दृश्य मात्र पुसून टाकते.

हा गुण हवासा वाटणं पन्हळी काचेच्याही आधीचं आहे. १९१४ मध्ये जर्मनीत कोलोन इथल्या प्रदर्शनात ब्रुनो टाउट यांनी काच-उद्योगासाठी रंगीत काचेच्या घुमटाचा मंडप उभारला होता; तिथे काच पलीकडचं बघण्यासाठी नव्हती, स्वतः उजळण्यासाठी होती. १९३२ मध्ये पॅरिसात पिएर शारो यांनी बर्नार्ड बायव्हुट यांच्यासह एका डॉक्टरसाठी काचेच्या विटांचं घर पुरं केलं. खालच्या मजल्यावर दवाखाना होता. रुग्णांना आडोसाही हवा आणि उजेडही हवा, हे दोन्ही त्या विटांनी साधलं. मात्र काचेची वीट एकेक करून रचावी लागते. माझ्या मते पन्हळी काच म्हणजे त्याच विटेचं घाईच्या काळातलं रूप.

ती घाई दुसऱ्या महायुद्धानंतर आली. १९५० च्या दशकात ऑस्ट्रिया आणि जर्मनीत ही काच रूढ होऊ लागली; ‘प्रोफिलिट’ आणि पुढे ‘लिनिट’ ही तिची व्यापारी नावं बांधकामवाल्यांच्या तोंडी बसली. उद्ध्वस्त मुलखात झटपट कारखाने हवे होते आणि आत काम करणाऱ्यांना दिवसाचा उजेड हवा होता. सोव्हिएत संघातही ती औद्योगिक इमारतींत मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. कारखान्यांतूनच ती शाळांच्या व्यायामशाळांत आणि पोहण्याच्या तलावांवर पोचली. खेळाडूच्या डोळ्यांवर तिरपं ऊन येत नाही, तलावावर आडोसा राहतो, आणि दालन तरी कोंदट वाटत नाही. मनोरंजनाच्या इमारतींशी तिचं नातं इथे जुळलं, अगदी व्यवहारातून. तेव्हा तिला कुणी सुंदर म्हणत नव्हतं.

मग ती मागे पडली. १९७३ च्या तेलटंचाईनंतर युरोपात इमारती उबदार ठेवण्याचा खर्च टोचू लागला, आणि एकेरी पन्हळी काचेतून ऊब भराभर निसटते ही उणीव उघडी पडली. उपाय हळूहळू आले. दोन थर समोरासमोर बसवले की उष्णतेची गळती साधारण निम्म्यावर येते. पुढे काचेवर उष्णता परतवणारा पातळ लेप आला, दोन थरांमधल्या पोकळीत उजेड सोडणारं पण ऊब अडवणारं साहित्य भरता येऊ लागलं, आणि गर्दीच्या जागांसाठी टफन केलेल्या, म्हणजे तापवून झटकन थंड करून मजबूत केलेल्या पट्ट्या मिळू लागल्या.

सांस्कृतिक इमारतींचं दार उघडण्यात स्पेनमधल्या सान सेबास्तियानच्या ‘कुर्साल’चा मोठा वाटा मानायला हवा. वास्तुकार राफाएल मोनेओ यांनी १९९९ मध्ये पुरं केलेलं हे सभागृहांचं संकुल उरुमेया नदीच्या मुखाशी आहे. जुनं कुर्साल १९२१ चं, जुगारखाना आणि नाट्यगृह असलेलं. ते १९७३ मध्ये पाडलं गेलं होतं. मोनेओंनी तिथे किंचित कललेले दोन काचेचे ठोकळे ठेवले, समुद्रानं किनाऱ्यावर टाकलेल्या दोन खडकांसारखे. त्यांची काच काटेकोरपणे पन्हळी नव्हे, ती वक्र आणि रेघांची आहे; पण धडा तोच. दिवसा धूसर दगड, रात्री दिवा.

आता पुन्हा कॅन्सस सिटी, कारण मला सर्वांत महत्त्वाचा निर्णय तिथला वाटतो. संग्रहालयाच्या विस्तारासाठी वास्तुकारांची स्पर्धा १९९९ मध्ये झाली, तिच्यात अपेक्षा होती की नवी इमारत जुन्या इमारतीच्या उत्तर अंगाला जोडावी. अंतिम फेरीतल्या इतरांनी ते मानलं. ज्यांचा आराखडा पुढे बांधला गेला त्या स्टीव्हन हॉल यांनी मानलं नाही. त्यांनी बहुतेक दालनं पूर्वेच्या उतारावर जमिनीखाली नेली, वर गवत ठेवलं, आणि त्या गवतातून फक्त पाच काचेचे खोके वर काढले. त्यांना ते भिंगं म्हणतात. जुनी इमारत दगड आणि नवी पीस, अशी त्यांची कल्पना. जुनीचा उत्तरेचा दर्शनी भाग जसाच्या तसा राहिला, आणि दक्षिणेच्या हिरवळीवरची ओल्डनबर्ग आणि व्हान ब्रुगेन या शिल्पकारांची बॅडमिंटनची अवाढव्य फुलंही.

ही काच तिथे का शोभते हे चित्रांच्या बाजूनं पाहिलं की कळतं. चित्राला थेट ऊन आणि अतिनील किरण बाधतात, भिंत मोकळी लागते, आणि बघणाऱ्याला दिवसाचा उजेड हवासा असतो. खिडकी यातल्या दोन गोष्टी बिघडवते. पन्हळी काच दृश्य देत नाही हा कारखान्यात गौण असलेला गुण संग्रहालयात मुख्य ठरतो. साध्या काचेत लोहामुळे हिरवट छटा असते आणि तिच्यातून आलेला उजेड रंग बदलतो. म्हणून इथे कमी लोहाची काच घेतली. पोकळीत उष्णतारोधक अर्धपारदर्शक साहित्य आहे, उजेड कमीजास्त करायला संगणकावर चालणारे पडदे आहेत. बाहेरच्या आणि आतल्या काचेमधली हवा हिवाळ्यात उन्हानं तापते आणि ऊब साठवते, उन्हाळ्यात तीच बाहेर सोडून देतात. आत आलेला उजेड छताच्या वळणदार भिंतींवर आपटून खाली दालनात उतरतो.

आपल्यासारख्या उष्ण मुलखातल्या वाचकाला इथे प्रश्न पडणारच: हे थंड प्रदेशांचं कौतुक झालं, उकाड्यात काय? त्याचं एक उत्तर हॉल यांच्याच पुढच्या कामात आहे. टेक्सासमधल्या ह्यूस्टनचा उन्हाळा कोकणातल्या मे महिन्यासारखा घामट. तिथल्या ललितकला संग्रहालयाची किंडर इमारत २०२० च्या नोव्हेंबरमध्ये खुली झाली. तिच्या भिंतींबाहेर काही अंतरावर काचेच्या अर्ध्या नळ्या उभ्या केल्या आहेत, प्रत्येकीचा व्यास सुमारे ७५ सेंटिमीटर. ही काच रुळांतून काढलेली नाही, वाकवून थरांनी चिकटवलेली आहे. पण तिची वंशावळ लपत नाही. नळ्या वर-खाली उघड्या आहेत. त्यांच्या मागची हवा तापते, धुराड्यासारखी वर चढते आणि निघून जाते. उन्हाची आत येणारी उष्णता त्यामुळे सुमारे ७० टक्के घटते, असं वास्तुकारांचं म्हणणं आहे. तिथे काच इमारतीची भिंत नाही. तिच्यापुढे धरलेली सावली आहे.