मीटर बंद ठेवला तरी ऑक्सिजन सेल झिजतो

'मीटर वर्षभर कपाटातच होता, सेल कोरा आहे,' हे हवेतला ऑक्सिजन मोजणाऱ्या मीटरबद्दलचं वाक्य दवाखान्याच्या स्टोअरपासून गटारसफाईच्या कंत्राटदारापर्यंत सगळीकडे ऐकू येतं. ते चूक आहे.

हातात धरायच्या बऱ्याच ऑक्सिजन मीटरमध्ये ऑक्सिजन ओळखणारा गॅल्व्हॅनिक सेल असतो (मीटरची बॅटरी नव्हे). आत शिशाचा ॲनोड, सोनं किंवा चांदीसारख्या धातूचा कॅथोड आणि बहुधा पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं द्रावण. टेफ्लॉनच्या पातळ पडद्यातून ऑक्सिजन आत झिरपतो, कॅथोडवर इलेक्ट्रॉन घेऊन हायड्रॉक्साइड होतो, आणि तिकडे ॲनोडवर शिशाचं ऑक्साइड बनतं. या देवाणघेवाणीतून वाहणारा प्रवाह मीटर मोजतो. म्हणजे सेल स्वतःच वीज तयार करतो. मीटरचं बटण फक्त आकडे दाखवणारी स्क्रीन उजळवतं. बटण बंद असलं तरी हवेतला २०.९ टक्के ऑक्सिजन आत जातच राहतो आणि शिसं खर्च होतं. साधारण दोनेक वर्षांत सेल संपतो, वापरा वा न वापरा. (म्हणूनच नवे सेल हवाबंद पाकिटात येतात. पाकीट हौसेनं आधीच फोडू नये.)

'बाहेरच्या हवेत २०.९ दाखवतोय ना, मग ठीक आहे,' हा त्याच गैरसमजाचा धाकटा भाऊ, आणि जास्त घातकी. कॅलिब्रेशन केलं, म्हणजे मीटरचा आकडा हवेशी जुळवून घेतला, की म्हातारा सेलही २०.९ दाखवू शकतो. पण शिसं संपत आलं असेल तर जास्त ऑक्सिजनला पुरेल इतका प्रवाह त्याला देता येत नाही. सिलिंडरच्या शुद्ध ऑक्सिजनवर आकडा सत्तर-ऐंशीवरच अडकतो. रुग्णासाठी वापरायचा मीटर म्हणून दोन्ही टोकांना, म्हणजे हवेत आणि शुद्ध ऑक्सिजनवर, तपासावा लागतो.